जोरावर आयनचा झोका

फार पूर्वी, मेदूवड्याच्या आकाराच्या एका चुंबकी पिंजऱ्यात तापलेल्या आयनांची वस्ती होती आणि त्यांच्यामधून एक लाट हळूच डुलत असे. एकदा तिथे जोरावर नावाचा सुसाट वेगाचा आयन आला. येताजाता धक्के देऊन सगळ्यांना ऊब द्यायची, एवढंच त्याचं काम.

"आधी इकडे ये रे, आमची धग विझत चाललीये," वस्तीतली संथ चालीची मंदाआत्या म्हणाली.

"थांब गं आत्या, या लाटेला झोका देऊन येतो!"

दर फेरीला जोरावर त्या डुलणाऱ्या लाटेला नेमक्या ठेक्यात ढकलू लागला. लाट फुगली, उधळली आणि तिने त्यालाच भिंतीवर भिरकावलं. त्याची सगळी ऊब भिंतीत जिरली. आत आत्या कुडकुडत राहिली.

"ओळखलं नाहीस? मी जोरावर!" तो गारठून भिंतीला म्हणाला.

भिंत म्हणाली, "सरकून बस बाबा. इथे येऊन आदळलेले सगळे जोरावरच होते."