अर्लसाहेबांचे तीन हरवलेले पूर्वज

"सात पिढ्या सिद्ध करा, नाहीतर खोरं सरकारजमा!"

स्कॉटलंडच्या राजाचा हा हुकूम ग्लेनॅराखच्या गढीवर येऊन थडकला आणि खोऱ्याचे धनी अर्ल रॉडरिकसाहेब यांच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी साहेब शिंकले तरी आपल्या प्राचीन घराण्याचा उल्लेख करूनच नाक पुसायचे. पण सनद म्हणावी तर एकही नव्हती. कुणी म्हणे जळाल्या, कुणी म्हणे उंदरांनी खाल्ल्या. मुळात त्या होत्या का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

साहेबांनी घराण्याच्या भाटाला, म्हाताऱ्या डूगलला बोलावलं. वंशावळ तोंडपाठ ठेवणं हे त्याचं पिढीजात काम.

"म्हण!"

डूगलने सुरुवात केली. स्वतः साहेब, त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा ईवन. चार पिढ्या खणखणीत झाल्या आणि पाचवीला एकदम ट्रॉयचा राजपुत्र गलबतातून उतरला!

"अरे, मधले कुठे गेले?"

"मधले... फार पराक्रमी होते, हुजूर."

"नावं सांग!"

डूगलने पुन्हा ट्रॉयचं गलबत किनाऱ्याला लावलं.

"परवा राजेसाहेब येतायत," साहेब गरजले. "तोवर तीन पूर्वज हजर कर. नाहीतर तू आणि तुझी पोर, दोघंही खोऱ्याबाहेर!"

डूगल घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची मुलगी मार्सली लोकर पिंजत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. या वयात बाप कुठे वणवण करणार, या विचाराने तिने लोकर बाजूला सारली. ती म्हणाली, "बाबा, मी गावात विचारून येते."

"गावात? धनगरांना नि कोळ्यांना? अर्लांचे पूर्वज त्यांना काय ठाऊक?"

"तुम्ही आयुष्यभर अर्लांची स्तुती गायलीत, म्हणून विसरलात. गाववाल्यांना विसरायची सोय नव्हती!"

दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. पूर्वजांचं नावही तिने काढलं नाही. एकच विचारलं, "गढीवाल्यांनी तुमच्या घरातून कधी काय नेलं?" लोक हातातली कामं टाकून बोलायला बसले. मार्सलीला उठायची पंचाईत झाली.

ठरल्या दिवशी राजा आला. हे हिरवंगार खोरं त्याच्या मनात आधीच भरलं होतं. चार पिढ्यांपाशी डूगलचा आवाज अडकला, तशी मार्सली गावातल्या तिघांना घेऊन पुढे आली.

"त्याआधीच्या तीन पिढ्यांचे साक्षीदार आहेत, महाराज."

बेहाग म्हातारीने पदर खोचावा तशी शाल खोचली. "ईवनचा बाप लंगडा माल्कम! घराघरांतली जाती उचलून गढीच्या तळघरात टाकली मेल्याने. का, तर सगळ्यांनी याच्याच गिरणीत दळावं! अजून दळतोय आम्ही."

राजा वळला. "काय अर्ल, हा लंगडा तुमचाच?"

साहेबांचा चेहरा उजळला. "आमचाच, महाराज!"

मग धनगर बोलला, "माल्कमचा बाप तांबडा डोनल. डोंगरावरचं कुरण आमचं होतं. एके सकाळी बघतो, तर भोवती याचं कुंपण!"

"आमचाच!" साहेबांना आता जोर चढला होता. "कुंपणाची हौस आमच्या रक्तातच आहे!"

शेवटी कोळी पुढे झाला. "डोनलचा बाप ढेरपोट्या एडन. सॅल्मन माशांचा डोह त्याने बळकावला आणि आम्हाला बेडूक ठेवले."

"हा तर शंभर टक्के आमचा!" साहेबांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "पुरावा समोर आहे!"

सात पिढ्या भरल्या. राजाने नाइलाजाने मोहोर उठवली. "घराणं सिद्ध. खोरं तुमचं."

"महाराज, एक विचारू?" मार्सली म्हणाली. "आजोबांनी दुसऱ्याची वस्तू नेली असेल, तर ती परत कुणाकडे मागायची?"

"त्यांच्या वारसाकडे. अजून कुणाकडे?"

"मग काम सोपं झालं! वारस कोण, हे साहेबांनी भर दरबारात तीनदा सांगितलंय."

साहेबांनी थाप मारलेलं पोट हळूच हातांनी झाकलं. "थांबा, थांबा! तो ढेरपोट्या... नीट आठवलं तर आमचा नसावा बहुतेक."

"वा!" राजा सरसावून बसला. "मग सहाच पिढ्या झाल्या. खोरं माझं!"

"आमचा आहे! आमचाच आहे!"

राजा इतका हसला की मुकुट सावरायला दोन सरदार धावले. मनात भरलेलं खोरं हातचं गेलं होतं, पण अशी करमणूक त्याला राजधानीत मिळत नव्हती.

"डूगल, तू आता आराम कर," तो म्हणाला. "भाटकी आजपासून तुझ्या मुलीची, गढीजवळच्या दगडी घरासकट. आणि पोरी, पुढे वंशावळीत या रॉडरिकसाहेबांना कोणतं नाव लावणार?"

"ते त्यांच्याच हातात आहे, महाराज. जाती, कुरण आणि डोह आज परत मिळाले, तर 'उदार रॉडरिक' म्हणेन. नाही मिळाले, तर नाव ठेवायला गावकरी आहेतच!"

साहेब ताडकन उठले आणि जाती काढायला स्वतः तळघराकडे निघाले. दारापाशी मात्र जरा थबकले.

"काय गं, 'उदार'च्या आधी 'अत्यंत' बसेल का?"