दाईचा घास

पूर्वी वेत्रवतीच्या काठी कुमुदपुर नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला होता. लहान मुलांच्या दुखण्यात त्याचा हात धरणारा त्या प्रांतात कोणी नव्हता. मूल आजारी म्हणून कोणी बोलावले की तो आधी आईकडे पाही आणि मग मुलाकडे. लोकांना याचे हसू येई. पण मुले बरी होत, म्हणून हसणारेही पुन्हा त्याच्याकडेच येत.

त्या वर्षी राणी बाळंतपणात गेली. मागे राहिलेल्या राजपुत्राला पाजण्यासाठी रोहिका नावाची दाई ठेवण्यात आली. तिची स्वतःची मुलगी दूध सोडून भात खाऊ लागली होती. तिला तिने आपल्या आईकडे ठेवले आणि ती राजवाड्यात राहायला आली. राजवाड्याची जुनी रीत अशी, की राजपुत्राला चार दाया असाव्यात. एकीने पाजावे, एकीने न्हाऊमाखू घालावे, एकीने कडेवर घ्यावे, एकीने खेळवावे. पण राणी गेल्यापासून राजाला माणसांची भीती वाटू लागली होती. कोणी बाळाला विष घालील, कोणी करणी करील, असे त्याच्या मनात येई. त्याने रोहिकेला ठेवून बाकी तिघींना घरी पाठवले. चौघींचे काम एकटीवर आले, आणि ती कधी ‘होत नाही’ म्हणाली नाही. तसे न म्हणणाऱ्या माणसाला कोणी विचारायलाही जात नाही.

पुढे बाळाला दात येऊ लागले. ते रात्ररात्र कुरकुरे आणि रोहिका त्याला खांद्यावर घेऊन फिरे. अशाच जागरणांनंतर एका दुपारी तिला बसल्या बसल्या डुलकी लागली, आणि बाळ लोळत लोळत बुटक्या मंचकावरून खाली आले. कपाळाला टेंगूळ आले. रोहिकेने झटकन उचलून घेतले, थोपटले, आणि थोड्या वेळाने बाळ तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळू लागले. टेंगूळ दोन-चार दिवसांत बसले.

रोहिकेच्या मनातले मात्र बसेना. तिने कोणाला काही सांगितले नाही आणि स्वतःला शिक्षा लावून घेतली. पाठ टेकून झोपायचे नाही, भिंतीला टेकून बसायचे. जेवायला बसले की आधी गाईचा घास, मग कावळ्याचा, कुत्र्याचा, मुंग्यांचा, अतिथीचा असे घास पानाबाहेर काढायचे आणि उरेल तेच आपण खायचे. घास काढून ठेवण्याची चाल घरोघर होतीच, त्यामुळे कोणाला त्यात वावगे दिसले नाही. उलट दाई मोठी धार्मिक आहे असेच सगळे म्हणत. दिवसागणिक इतरांचे घास मोठे होत गेले आणि पानात मूठभर भात उरू लागला.

मग तिचे दूध आटू लागले. बाळ चोखे, रडे, पुन्हा चोखे. गाईचे दूध दिले तर ते ओकून टाकी. दुसऱ्या बाया आणल्या तर तोंड फिरवी. रोहिकेला वाटले, आपले पापच बाळाला भोवते आहे. म्हणून तिने गाईचा घास आणखी मोठा केला, आणि दूध आणखी आटले. काट्याचा नायटा होतो तो असा.

राजपुरोहिताने बाळाला पाहिले आणि ‘हा बालग्रह आहे, लहान मुलांना पछाडणारी बाधा. मोठी शांती करावी लागेल’ असे सांगितले. बोधिसत्त्वाला बोलावणे गेले तेव्हा पुरोहिताने त्याला देवडीतच गाठले.

“वैद्यराज, तुम्हीही ग्रहच म्हणा. शांतीचा सोहळा मोठा होईल, तुमचाही मान त्यात राहील.”

“ग्रह दिसला तर ग्रह म्हणेन,” बोधिसत्त्व म्हणाला आणि आत गेला.

आत त्याने आधी दाईकडे पाहिले. तिचे गाल आत गेले होते आणि डोळ्यांखाली काळे पडले होते. मग त्याने बाळाचे पोट चाचपले. बाहेर येऊन तो राजाला म्हणाला, “महाराज, बाळाला रोग नाही. त्याला भूक आहे. औषध दाईला द्यायचं.”

पुरोहित हसला. “दुखणं बाळाचं आणि औषध दाईला?”

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

राजाला हसू आले नाही. बायको गेलेल्या त्या माणसाला आता मूलही जाईल असे दिसत होते. तो म्हणाला, “पौर्णिमेपर्यंत वाट पाहतो. तोवर बाळ सुधारलं नाही, तर या दाईला मी नगराबाहेर घालवीन, आणि तुम्हालाही.”

बोधिसत्त्वाने रोहिकेसाठी शतावरी घातलेले दूध, तुपाचा भात आणि मुगाचे वरण सांगितले. रोज ताट भरून जाई आणि रिकामे परत येई. तरीही बाळ वाळतच चालले. आता ते मोठ्याने रडतही नव्हते, आणि वैद्याला बाळाच्या रडण्याहून हे न रडणे अधिक भयंकर वाटते.

म्हणून एके दिवशी बोधिसत्त्व स्वतः दाईच्या जेवणाच्या वेळी येऊन बसला. येण्याआधी त्याने स्वयंपाकघरात जाऊन वरणात मीठ घालू नका असे सांगितले होते. रोहिकेने घास काढायला सुरुवात केली. गाईचा काढला, कावळ्याचा काढला. पानाभोवती भाताचे ढीग झाले आणि पानात जे उरले ते तिने पाळण्याकडे पाहत पाहत घाईने तोंडात टाकले.

“वरण कसं झालंय?” बोधिसत्त्वाने विचारले.

“चांगलं आहे.”

“मीठ?”

“बेताचं आहे.”

“बाई, वरणात मीठच नाही. मी घालू दिलं नाही. तू काय खाल्लंस ते तुलाच कळलेलं नाही.”

रोहिका बोलू लागली आणि थांबेना. ती दुपार, ती डुलकी, ते टेंगूळ, सगळे तिने सांगितले. “मी पापिणी आहे, वैद्यराज. मला शिक्षा झाली पाहिजे.”

बोधिसत्त्वाने तिची समजूत घातली नाही. एवढेच विचारले, “बाळ पडलं तेव्हा तू काय केलंस?”

“उचललं. छातीशी धरलं.”

“त्याच्यावर रागावलीस? कडेपर्यंत का लोळलास म्हणून? उपाशी ठेवलंस?”

“काहीतरीच काय! एवढंसं लेकरू ते. पडलं तर उचलायचं की मारायचं?”

“त्या दुपारी दोघं पडलात, रोहिके. थकून पडलीस तूही. त्याला तू लगेच उचललंस. तुला मात्र अजून जमिनीवरच ठेवलं आहेस, वर उपाशी ठेवते आहेस. आणि तुझ्या उपासाचा वाटा त्याच्या पोटात जातो आहे.”

रोहिकेने पदर तोंडाला लावला. बराच वेळ ती रडली, आणि बोधिसत्त्वाने तिला रडू दिले. मग त्याने नवे पान मांडायला सांगितले, या वेळी मीठ घातलेल्या वरणाचे. तो म्हणाला, “घास काढायची चाल मोडू नकोस. पण पहिला घास दाईचा. तो तोंडात असेतो पाळण्याकडे पाहायचं नाही. गरम आहे की गार, तिखट आहे की गोड, ते पाहायचं. गिळल्यावर दुसरा. पोट भरलं की मग गाय आहे, कावळा आहे, कोणी पळून जात नाही. आणि बाळ झोपलं की पाठ टेकायची.”

पहिला घास तिच्या घशाखाली उतरेना. चोरी करते आहोत असे तिला वाटे. बोधिसत्त्व रोज येऊन समोर बसे आणि तिचे जेवण झाले की निघून जाई. हळूहळू तिला चव कळू लागली. तूप कालचे आहे, भात थोडा कच्चा आहे, अशी कुरकूरही ती करू लागली, तेव्हा बोधिसत्त्वाला बरे वाटले. पौर्णिमेच्या आतच तिला पान्हा फुटला. बाळ पुन्हा मोठ्याने रडू लागले आणि पिऊन निवांत झोपू लागले.

शांतीचा सोहळा हुकलेल्या पुरोहिताला मात्र चैन नव्हते. रोहिकेचे वैद्याशी झालेले बोलणे वाढणाऱ्या दासींच्या कानी पडले होते; त्यांच्याकडून कुणकुण लागताच त्याने राजाला सांगितले की दाईने बाळाला पाडले होते आणि ते लपवले होते. राजाने भर सभेत रोहिकेला बोलावले. बोधिसत्त्वही आला. राजाचा चेहरा रागाने लाल झाला होता.

“माझं मूल तुझ्या हातून पडलं?”

बोधिसत्त्व बोलायला पुढे झाला, पण रोहिकेने त्याच्याकडे पाहून ‘नको’ अशी मान हलवली.

“हो, महाराज,” ती म्हणाली. “मला झोप लागली होती. सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही, ती माझी चूक. पण झोप लागली ती थकून लागली. चौघींचं काम मी एकटी करते. बाळाला दात येताहेत, अजून किती रात्री जागावं लागेल ठाऊक नाही. मला शिक्षा केलीत तरी थकवा जाणार नाही. मला सोबतीला बाया द्या.”

त्या तिघींना कोणी घरी पाठवले होते हे सभेत प्रत्येकाला ठाऊक होते, आणि राजालाही. अखेर त्याने मान खाली घातली आणि त्या तिघींना परत बोलवायला माणसे धाडली. बोधिसत्त्वाला त्याने एक गाव इनाम देऊ केले. बोधिसत्त्वाने ते घेतले नाही. रोहिकेची मुलगी आईजवळ राजवाड्यात राहावी एवढेच त्याने मागितले आणि ही गाथा म्हटली:

पडल्या बाळा जसे उचलती, तसेच उचला आपणाला;
रितीच असता ओंजळ अपुली, पाजाल पाणी कवणाला?

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारातल्या एका तरुण भिक्षूला सांगितली. तो आजारी स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, सेवा करीत असे. एका पहाटे त्याचा डोळा लागला असताना एक वृद्ध स्थविर वारले, आणि तेव्हापासून तो भिक्षापात्राला हात लावीत नव्हता. कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा पुरोहित आज याच विहारात राहतो आणि शांतपणे ऐकतो आहे, त्याचं नाव घेण्याचं कारण नाही. तेव्हाचा राजा आज आपल्या विहाराचा कारभार पाहतो, आणि आजाऱ्यांपाशी एकच भिक्षू का ठेवला हे त्याला मी विचारणार आहे. वैद्य मीच होतो. रोहिका तू होतास. आणि ज्या बाळाला तू तेव्हा वाचवलंस, ते हे परवा गेलेले स्थविर. त्यांनी तुझ्या हातून पुष्कळ घेतलं आहे, भिक्षू. आता तू जेव.”

या जन्मी बोधिसत्त्वाने मैत्री ही पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा गुण, पाळली, जी सर्व प्राण्यांना पोहोचते आणि त्या प्राण्यांत आपल्यालाही मोजते.