राजाची पहिली काकडी

हं, पाय आत घ्या आधी. शमे, दादाचं पांघरूण ओढू नकोस, तुला तुझं आहे. आता ऐका.

एक राजा होता आणि त्याला एक बोट होतं. हसताय काय? बोटं सगळी होती हो त्याला, पण कामाचं ते एकच. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. ते त्यानं नुसतं रोखलं की घोडा यायचा, पालखी यायची, जेवायचं ताट यायचं. कुणाला नावानं हाक म्हणून मारावी लागायची नाही. नाव त्याचं अरिमर्दन. आई मात्र त्याला अरूच म्हणायची.

ही आई कोण होती, ठाऊक आहे? माळ्याची लेक. राणी होऊन राजवाड्यात आली, तिथंच म्हातारी झाली आणि एकाएकी तिचं अन्नच तुटलं बघा. ताट यायचं, तसंच परत जायचं. पुरणपोळी नको, बासुंदी नको. पेजेचं पाणी तेवढं घोटभर घ्यायची. वैद्य आले, नाडी बघून गेले. मग राजा तिच्या उशाशी बसला. त्याचा जीव अगदी कासावीस झाला होता.

"आई, तू जेवली नाहीस तर मी काय करू गं? काय हवं ते सांग, आत्ता आणतो."

आई म्हणाली, "अरू, तू स्वतः लावलेलं काहीतरी खावंसं वाटतंय रे. माळ्यानं लावलेलं नको. तुझ्या हातचं."

मग काय, राजा उठला आणि राजवाड्यामागच्या परसात गेला. जन्मात मातीला हात लावला नव्हता, बरं का. पण आईसाठी धोतर खोचलं आणि बसला उकिडवा.

आधी त्यानं मेथी पेरली. मग त्याला वाटलं, आपण राजे, आपल्या मेथीला साधं पाणी कसं घालायचं? म्हणून त्यानं घातलं दूध. घागरी भरभरून! दूध नासलं, मुंग्यांची रांग लागली आणि असा वास सुटला की दरबारातली माणसं नाकाला उपरणं लावून बसली. मेथी गेली कुजून.

मग त्यानं कोथिंबीर लावली. आता धणे कसे पेरतात? आधी रगडायचे, एकाचे दोन करायचे. तुम्हालासुद्धा माहीत आहे. या शहाण्यानं अख्खेच पेरले. वर उन्हाचा त्रास नको म्हणून जरीचा शेला बांधला. आणि रोज सकाळी उकरून बघायचा, उगवलं का, उगवलं का. कसं उगवणार? माळ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण विचारायचं कसं, तेच राजाला येत नव्हतं.

इकडे आई वाळत चालली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

मग राजानं काकडीचं बी टोचलं. या वेळी दूध नाही, शेला नाही, उकरणं नाही. वेल आला! मांडवावर चढला, पिवळी फुलं आली आणि एका फुलामागं करंगळीएवढी काकडी धरली. अंगावर बारीक लव असलेली. राजाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि बोट रोखून ओरडला, "ती बघा! ती बघा माझी काकडी!"

अगं बाई! कोवळ्या काकडीला बोट दाखवतं का कुणी? संध्याकाळपर्यंत ती पिवळी पडली आणि गळून गेली. दुसरी धरली, तिलाही दाखवलं. तीही गेली. अशा सगळ्या गेल्या. राजा मांडवाखाली बसून रडायला लागला. राजे रडत नाहीत असं कोण म्हणतं? तो रडत होता, हमसून हमसून.

तेव्हा वेल बोलला. हो, बोलला! पानं हलवून हळूच म्हणाला, "अरे राजा, तान्ह्या बाळावर असं बोट रोखतात का? घाबरून मरतात रे माझी लेकरं."

राजा म्हणाला, "मला दुसरं काही येतच नाही."

"मग शीक. माझ्याकडे आता एकच फूल राहिलंय. ते गेलं की मी वाळलो."

राजानं झटकन बोट मिटलं आणि मूठ काखेत धरली. फूल मिटलं, त्यामागं काकडी धरली. राजा तिथून हलेना. पण आता पंचाईत अशी, की बोटाशिवाय पाणी मागायचं कसं? समोर एक गडी उभा होता. राजा चाचरत म्हणाला, "बाबा रे, तुझं नाव काय?"

"गोंदा, महाराज."

"गोंदा, जरा घागर देतोस का? पाणी मी घालतो."

गोंदा इतका चकित झाला की घागरीऐवजी दोरच घेऊन आला.

ऊन मी म्हणत होतं. राजा उन्हाकडे पाठ करून काकडीशी उभा राहायचा, तिच्यावर सावली पडावी म्हणून. आईच्या दासीला, कोयनाबाईला, विचारायचा, "कोयनाबाई, आज आईनं काय घेतलं?"

"पाणी, महाराज. तेही पळीनं."

मग राजा वेलाला म्हणायचा, "लवकर कर रे बाबा." वेल म्हणायचा, "जमेल तेवढं करतोय."

अखेर काकडी हातभर झाली. राजानं ती अलगद तोडली, धावत आईकडे नेली आणि स्वतः चिरली. कसली चिरतोय! एक फोड जाड, एक पातळ. आईनं एक फोड तोंडात घातली. चावली, गिळली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. एकेक करत ताटली संपत आली. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेवटची फोड त्यानं आपल्या तोंडात टाकली.

आणि थू थू थू! कडूजहर!

"आई! ही तर कडू आहे! तू बोलली का नाहीस?"

आई हसली. म्हणाली, "तुला पहिला भात मी माझ्या हातानं रांधून भरवला होता. करपला होता मेला. तू काय केलंस? गिळलास आणि पुन्हा आ केलास."

राजानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईनं त्याच्या केसांतली माती झटकली आणि पलंगावरून खाली पाय सोडले.

"काकडीचा शेंडा कापून घासायचा असतो, वेड्या. फेस येतो, कडूपणा निघून जातो. ऊठ, परसात जाऊ. बी आहे ना अजून? चल, मला हात दे."

राजानं हात दिला. आई त्याच्या आधारानं उभी राहिली आणि कितीतरी महिन्यांनी उंबरा ओलांडून बाहेर आली.

मग त्या परसात मेथी झाली, कोथिंबीर झाली, काकड्या झाल्या, आई पोटभर जेवायला लागली आणि ती माणसं सुखानं राहिली. संपली गोष्ट. शमे, डोळे मीट. दादा तर केव्हाच झोपला.