बोटभर जागा

घाटमाथ्यावरच्या एका गावात द्वारका नावाची एक जीपवाली होती. जीप जुनी, पण धडधाकट. लग्न असो की बाजार, गाव तिच्याच जीपमधून घाट उतरायचं.

त्या गावचे दौलततात्या मोठे हौशी. मुलाच्या लग्नाला वऱ्हाडाची जीप रुबाबात निघाली पाहिजे, म्हणून त्यांनी द्वारकेला चार नवी चाकं भेट दिली. टायर असे रुंद, की जीप एकदम पैलवान दिसायला लागली. द्वारकाही हरखली. जुनी चाकं तिने गोठ्यात टाकली, आणि एका चाकात कोंबडीने लगेच अंड्यांवर बसून घेतलं.

लग्नाच्या दिवशी रीतीप्रमाणे चाकांना हळदकुंकू लागलं, खाली लिंबं ठेवली. जीप सरळ पुढे गेली, लिंबं फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वऱ्हाड दाटीवाटीने आत बसलं. नवरदेव पुढे.

द्वारका मात्र खाली वाकली. पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला कमानीचे लोखंडी पाटे असतात. सगळा भार तेच पेलतात. चाक आणि पाटे यांच्यात जेमतेम फट दिसत होती. तिने पूजेतलं कुंकू दोन्हीकडच्या पाट्यांना फासलं आणि स्टिअरिंग आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पार टोकापर्यंत फिरवलं. खर्रर्र आवाज झाला. उतरून पाहते, तर दोन्ही टायरांवर कुंकवाचा लालभडक पट्टा!

"तात्या, चाक पाट्याला घासतंय. सगळे खाली उतरा. जुनी चाकं बसवते."

तात्या तडकले. "अगं, मुहूर्त टळंल! लिंबावरनं गेली की नीट."

"सरळ जायला कुठलंबी चाक चालतं, तात्या. आपला घाट सरळ न्हाई."

"थोडं घासंल. झिजून झिजून हुईल जागा."

"हुईल की. पण टायर फाटून हुईल."

कुणी हसलं, कुणी कुरकुरलं. तात्या म्हणाले, "माझी भेट उतरवलीस, तर पुन्हा तुझ्या जीपला हात दाखवणार न्हाई." तात्यांनी पाठ फिरवली की निम्मं गाव पाठ फिरवणार, हे द्वारकेला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने जॅक काढला. नवरदेवालाच हाताशी घेतलं, कोंबडीच्या शिव्या खात तिला अंड्यांसकट टोपलीत हलवलं आणि जुनी चाकं बसवली. पुन्हा माणसं बसवली, पुन्हा कुंकू फासलं, स्टिअरिंग पुन्हा दोन्हीकडे फिरवलं. टायर कोरे राहिले. मगच ती निघाली.

तात्या तोंड फुगवून बसले होते. घाटातल्या सगळ्यात अवघड वळणावर अचानक समोर एक टेम्पो आडवा! बंद पडलेला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. द्वारकेने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग डोंगराकडे पार टोकापर्यंत फिरवलं. चाक अडलं नाही. जीप वळली आणि डोंगरालगतच्या चरात धपकन बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नवरदेवाच्या मुंडावळ्या तेवढ्या मानेवर आल्या.

तात्या खाली उतरले. पुढचं चाक अजून पुरतं वळलेलंच होतं. त्यांनी वाकून चाक आणि पाटे यांच्यामधल्या फटीत बोट घातलं. बोट मावलं.

मग डोळे पुसत म्हणाले, "द्वारके, एवढ्याशा जागंत माझं अख्खं वऱ्हाड बसलं हुतं गं."

"व्हय तात्या," द्वारका म्हणाली. "आता उतरवा त्यांना आणि टेम्पो-जीप दोन्ही ढकलायला लावा. मुहूर्त गाठायचाय."

तात्पर्य: सरळ वाटेवर सगळंच निभावतं, अवघड वळणाला लागणारी जागा निघण्याआधीच राखावी, आणि कुणाच्या रुसव्यासाठी ती सोडू नये.