येसू आणि पिसाची माशी

एक होती नदी, लेकराच्या कमरेएवढी. तिच्या काठच्या खोपटात राहायचा भिवा, त्याची बायको रखमा आणि त्यांची आठ वर्षांची येसू. घरातलं चौथं माणूस म्हणजे तान्हं बाळ, अजून नावसुद्धा न ठेवलेलं.

रखमाच्या अंगावर दूध उतरेना. बाळ कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी चोखायचं आणि पुन्हा रडायचं. सुईण म्हणाली, "बाळंतिणीला ताज्या माशाचं कालवण घाला, दूध येईल." पण भिवा शेवाळावरून घसरून पाय मोडून पडलेला. मासा आणणार कोण?

"मी जाते," येसू म्हणाली.

भिवानं गळाला कोंबड्याचं तांबडं पीस गुंडाळून माशी बांधून दिली. "पाण्यावर अशी टेकव, की माशाला वाटलं पाहिजे, खरीच माशी बसली. आणि पोटुशी मासळी आली तर सोडायची हं, बाय."

येसूनं गळाची काठी मागं नेली, पुढं झुलवली. दोरी आधी करंजाच्या फांदीत अडकली, मग तिच्याच केसांत. तिसऱ्यांदा माशी पाण्यावर टेकली, आणि लगेच कुणीतरी कुरकुरलं, "अगं, माझा पंख."

गळाला बोटाएवढी परी. मोरपिशी झगा, दवासारखे लखलखते इवले पंख.

"तू कशी गं अडकलीस?"

"मला वाटलं, आमच्यातलीच कुणी बसलीय. चार शब्द बोलायला आले. खोड, दुसरं काय."

पंख फाटू नये म्हणून येसूनं पिसाचा एकेक धागा उसवला. परी सुटली. माशीचा मात्र नुसता गळ उरला.

"माग काहीतरी," परी म्हणाली. "पण मी एकदाच देते. दिलेलं हातातून सोडलंस, तर दुसरं नाही."

"आईच्या कालवणाला मासा दे."

पाणी चमचमलं आणि रुपेरी मासळी थेट ओंजळीत आली. येसूनं पोट चाचपलं. गाभोळीनं, अंड्यांनी टम्म भरलेलं. घरी बाळ रडत असणार. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं ओंजळ पाण्यात बुडवली.

"खुळी का गं तू?" परी म्हणाली.

"हीपण बाळंतीणच व्हायचीय ना."

परी म्हणाली, "नियम तो नियम. मासा मला देता येत नाही." तिनं झग्याची सोनेरी झालर फाडून रिकाम्या गळाला गुंडाळली. "माशी देते. पकडायचं तुझं तू. आणि त्या करंजापासून लांब उभी राहा."

येसू पाण्यात उतरली. काठी मागं नेली, थांबली, पुढं सोडली. सोनुली माशी खडकामागच्या सावलीत अलगद टेकली. दोरी सर्रकन ताणली गेली. मासा तिकडं ओढी, येसू इकडं. दोनदा पाण्यात बसली, पण काठी सोडली नाही. काठावर आला तो हातभर मासा, पोट सपाट.

वळून बघते तर परी उन्हात विरघळत होती. गुलाबी, निळे, पिवळे ठिपके पाण्यावर नाचले आणि उजेडात उजेड होऊन गेले.

रखमानं दोन वाडगे कालवण ओरपलं. दुसऱ्या दिवशी दूध उतरलं. बाळ चुटूचुटू प्यायलं आणि पिता पिताच झोपलं. भिवा कुजबुजला, "आता कुणी बोलू नका." आणि सगळं घर, कितीतरी दिवसांनी, भर दुपारी गाढ झोपलं.