चुलीचा तिसरा धोंडा

"आन् मला जमलंच न्हाई तर?"

ठकूनं पुन्हा विचारलं. कांबळीबाबा भाकरी थापत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

ओढ्याकाठी हा म्हातारा किती वर्षं बसला होता, कुणास ठाऊक. गोसावी म्हणावा तर गळ्यात माळ नाही, फकीर म्हणावा तर दाढी नाही. गावानं विचारायचं सोडून दिलं होतं. अंगावर कायम एक कांबळं, म्हणून कांबळीबाबा.

ओढा त्या दिवशी चढलेला होता. पलीकडच्या काठावरून नवशा जीव तोडून हाका मारत होता. त्याची बायको पारू सकाळपासून अडली होती. नवशा एका पायानं अधू, त्याला पाण्यात उतरता येईना. आणि पलीकडच्या वाडीत सुईण नव्हती.

खरं तर अलीकडच्या गावातही नव्हती. होती ती ठकूची सासू, गंगूबाई; ठकू तिला आत्याबाई म्हणायची. दोन्ही काठांवरची पोरं तिच्याच हातावर आली. ती आखाजीच्या सणाला वारली. ठकू तिच्यासोबत जायची ती पाणी तापवायला आणि दिवा धरायला. तेवढंच. पण सासूचे डागदागिने सुनेकडे येतात तसे हातही येत असावेत, अशी लोकांची समजूत दिसली. आज सगळे ठकूच्या दारात उभे राहिले, आणि ती घाबरून बाबाकडे पळाली.

"देवाला सांगा, बाबा. आधी माझ्या हाताला बळ दे म्हनावं. मग जाते."

"तो दील."

"कवा?"

"लागंल तवा."

"आत्ताच लागतंय की!"

"आत्ता तू हितं बसलीयास." बाबानं भाकरी तव्यावर टाकली. "हितं बळ घिऊन करनार काय? माझं बाळंतपण?"

ठकूला हसू आलं नाही. तिनं दोन्ही हात बाबापुढे धरले.

"ह्ये बघा."

"थरथरत्यात," बाबा म्हणाला. जणू तिला ते ठाऊकच नव्हतं.

"मग?"

बाबानं चुलीत एक काटकी सारली.

"आत्याबाईंचे हात कवा थरथरले न्हाईत. त्यांच्याकडं काईतरी व्हतं. तुमी त्यांना काय दिलं व्हतं, मंतर का अंगारा, त्येच मला द्या."

बाबानं भाकरी उलटली.

पलीकडून नवशाची हाक आली. या खेपेला तिच्यात शब्द नव्हते, नुसता आवाज होता. ठकू ताडकन उठली, लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली.

कंबरेएवढं पाणी. चार पावलं गेली असेल नसेल, पायाखालची वाळू सरकली. ओढ्यानं तिला उचललंच. काठावरची मुळी हाताला लागली म्हणून वाचली. नखशिखान्त भिजून ती परत बाबापुढे येऊन उभी राहिली, आणि तिला रडू फुटलं.

"बघितलंत? मी काडीसारखी. आत्याबाई खांबासारख्या. ओढ्यालासुदीक कळलं, ही कामाची न्हाई. पारू मरंल बाबा... माझ्यापायी मरंल."

आता मात्र बाबा उठला.

त्यानं तवा उतरवला. चूल तीन धोंड्यांची. त्यातला सगळ्यात मोठा धोंडा त्यानं काठीनं बाहेर ओढला. चूल ढासळली, विस्तव राखेत गेला, भाकरी अर्धी कच्ची राहिली. त्यानं धोंड्यावर तांब्याभर पाणी ओतलं. चर्र झालं. मग अंगावरच्या कांबळ्याची चुंबळ केली आणि ठकूच्या डोक्यावर ठेवली.

"घे."

"काय?"

"धोंडा. डोक्यावर घे आन् जा."

ठकू बघतच राहिली. बाईमाणूस बुडता बुडता वाचलंय, आणि हा तिच्या डोक्यावर धोंडा चढवतोय! म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असं तिला वाटलं. मी तिथं असतो तर मलाही वाटलं असतं.

"बाबा, मला माझंच वझं हुईना..."

"व्हय."

"आन् वर ह्ये?"

"व्हय."

बाकी काही नाही. म्हाताऱ्यानं कण्हत धोंडा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, आणि ती उतरली.

धोंडा मानेत रुतत होता. एक हात वर धरून ती पाय टाकत होती. अर्ध्या ओढ्यात तिनं बाबाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की भ्यायला सवडच राहिली नाही. पाणी अंगावर येत होतं, पण पाय मघासारखे सुटत नव्हते. वाळूत रुतत होते, निघत होते, पुन्हा रुतत होते. कसं ते तिला कळलं नाही. काठ आला तेव्हाच आपण पार झाल्याचं तिला कळलं.

पलीकडच्या काठावर धोंड्यांचा एक ढीग होता. कुठल्या तरी देवाचं ठाणं असावं म्हणून लोक जाता-येता हात जोडायचे. ठकूनं तिथं आपला धोंडा टाकला, आणि क्षणभर थबकली. ढिगातले कितीतरी धोंडे एका बाजूनं काळे होते. तिच्या धोंड्यासारखे. आजवर तिला ते दिव्याचं तेल वाटायचं.

विचार करायला वेळ नव्हता. नवशा पुढं लंगडत धावत होता.

पारूला दिवेलागणीला मुलगी झाली. पोरीच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. ठकूचे हात तेव्हाही थरथरत होते. थरथरतच त्यांनी वेढा सोडवला, थरथरतच पोरीला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या. पोर रडली. मग ठकूही रडली, पोरीपेक्षा मोठ्यानं.

सकाळी ओढा उतरला होता. ठकू घोट्याएवढ्या पाण्यातून परत आली. कांबळं वाळलं होतं, ते तिनं घडी करून बाबापुढे ठेवलं.

बाबा उरलेल्या दोन धोंड्यांवर तवा टेकवायच्या खटपटीत होता. तवा सारखा एका अंगाला कलत होता.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

"हं."

ठकू तिथंच बसली. आनंद होता, नाही असं नाही. पण रात्रभर एक गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती आणि तिचा उलगडा होत नव्हता.

"बाबा, बळ काई आलंच न्हाई. मी वाट बघत हुते. शेवटपातुर हात लटलटत व्हते, आन् पोर तर आली. मग देवानं दिलं काय? मला तर नुस्ता धोंडा मिळाला."

बाबानं तवा सोडून दिला. ओढ्यापलीकडच्या ढिगाकडे त्यानं बोट केलं.

"तुजी आत्याबाई पैल्यांदा पलीकडनं परत आली तवा हितंच बसून ह्येच म्हनली व्हती," तो म्हणाला. "त्या दिवशीबी माजी भाकरी कच्चीच ऱ्हायली."