राजाच्या लेकींची आंघोळ

“माझ्या लेकींच्या तोंडाला पीठ कुणी फासलं?”

ढमाजीराजा बागेत असा गरजला की पेरूवरचे पोपट तोंडातला घास टाकून उडाले. लेकी म्हणजे गुलाब! पोटचं पोर नव्हतं, म्हणून राजा गुलाबांनाच राजकन्या म्हणायचा. आणि लाड तरी किती! रोज दिवेलागणीला डोक्यावरून घंगाळभर पाणी. वर गारठा बाधू नये म्हणून शाली. एकटं वाटू नये म्हणून झाडाला झाड खेटून. गळलेलं पान उचलायचं नाही, कारण ते राजकन्यांचे केस! आणि कात्री? नावही काढायचं नाही!

आता पानापानावर पांढरी भुरी, काळे ठिपके. कळ्या उमलायच्या आधीच माना टाकायच्या.

“नजर लागली असेल, महाराज,” कारभारी पुटपुटला.

“नजर नाही, माळी लागलाय! बाळोबाला कोंडा!”

बाळोबा माळ्याची बायको ठकूबाई तरातरा दरबारात आली. “रोग झाडाला आणि कोठडी माणसाला? हा कुठला न्याय?”

“लेकी बऱ्या कर आणि नवरा घेऊन जा! नाहीतर पुढल्या पौर्णिमेला त्याची गाढवावरून धिंड! पण बागेत हुकूम चालेल तो फक्त माझ्या तोंडचा. आणि माझ्या लाडांत खोट काढलीस, तर दुसरं गाढव तयार आहे!”

बाळोबा शेळी शिंकली तरी दचकायचा. गाढवावर तो जिवंत राहिला नसता! ठकूबाईची जीभ वळवळत होती. तिने ती दातांखाली धरली.

“खोट कशाला काढू, महाराज? मला तर हेवा वाटतो! असे लाड बापानंही एकदा करून घ्यावेत की!”

राजा खुलला. “वा! अगदी लेकींसारखे करा! त्यांच्यात नि माझ्यात काडीचा फरक नको!”

झालं! दिवेलागणीला राजाला कपड्यांसकट न्हाणीघरात उभं केलं. आजूबाजूला अख्खा दरबार खेटून भरला. पायाशी कुजका पाला, थोडा दाढीतही. डोक्यावर घंगाळ उपडं! वर ओल्या शाली, आणि दार बंद.

बाहेर ठकूबाई सगळ्या माळ्यांना घेऊन कान लावून उभी.

थोड्या वेळाने आतून शिंक आली. मग दुसरी. मग दाराच्या कड्या खुळखुळल्या.

“काढा ह्या ओल्या शाली!” राजा ओरडला.

“ऐकलंत?” ठकूबाई म्हणाली. दोन माळी बागेकडे पळाले.

“अरे, लांब सरका! वारा येऊ द्या! हा घाणेरडा पाला उचला आणि जाळा! दाढीत अडकलाय मेला, कापा तो गुंता! आणि संध्याकाळी डोक्यावर पाणी ओतेल त्याला फटके! सकाळी ओता, पायांवर!”

एकेका हुकमाला माळी पळत होते.

सगळं उरकल्यावरच ठकूबाईने दार उघडलं. अर्धी दाढी घेऊन राजा बागेत आला आणि थिजला. शाली गायब! झाडं लांब लांब लावलेली, रोगट फांद्या छाटलेल्या, पाल्याचा धूर निघतोय!

“कुणाच्या हुकमानं?”

“तुमच्याच तोंडच्या!”

“अगं, ते मी माझ्यासाठी म्हणालो!”

“मग काडीचा फरक नको, असं कोण म्हणालं? एका आंघोळीत बापाचं नाक गळायला लागलं, नि लेकींची कातडी काय गेंड्याची आहे?”

राजाने उत्तराला तोंड उघडलं. बाहेर पडली ती शिंक! “पौर्णिमेला बघतो,” एवढंच म्हणून तो शेकोटीकडे पळाला.

पौर्णिमेला गुलाबांना तांबूस, चकचकीत पालवी! एका झाडावर तर टपोरी कळीही उमलली होती, ताठ मानेची. बाळोबा सुटला.

“माग काय हवं ते!” राजा म्हणाला. “सोनं? जमीन?”

“घंगाळ द्या.”

“घंगाळ?”

“ते तुमच्या हाताशी राहिलं, तर पुढल्या महिन्यात माझा नवरा परत कोठडीत!”

राजा एवढा हसला की उरलेली दाढी हलायला लागली. त्याने घंगाळ मोहरांनी काठोकाठ भरलं आणि धिंडीसाठी आणलेल्या गाढवावर चढवून दिलं. ठकूबाई पुढे, गाढव मधे, आणि बाळोबा गाढवापासून चांगलं दहा हात मागे!